पसंतीक्रम

बिंदू चौकातून खाली उतरलं की तिसरं दुकान माझं.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.
जूनमध्ये बाकावर जागा नसते.

निकाल लागला की पोरं येतात,
गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी आईच्या हातात,
आणि आई विचारते, "ह्याचं काय हुईल?"
मी विचारतो, दाखला आहे? नॉन-क्रिमीलेअर?
काय होईल ते कुणाला माहीत.
काय लागेल ते मला पाठ आहे.

सकाळी पहिला आला तो भरतीवाला,
रंकाळ्याला पळून, बुटाला चिखल तसाच.
उंची अर्धा सेंटिमीटर कमी.
"वाढंल," म्हणाला. वय टाकताना मी त्याच्याकडं बघितलं नाही.

मग हुपरीचा सन्मती घोसरवाडे, डी. फार्मसी.
घरात चार पिढ्या पैंजणाला डाग देतात.
"चांदी घरात असती," म्हणाला, "आपली नसती."
एवढंच बोलला. फोटो मागितला तर
शाळेच्या गणवेशातला काढून दिला.

आणि दुपारी ही. तबस्सुम शिकलगार.
"मी आयटीआय करतो."
आमच्याकडं पोरी असंच बोलतात, करतो, जातो, आलो.
बाहेरगावचे हसतात.
फॉर्म हसत नाही, तो फक्त विचारतो: स्त्री की पुरुष,
आणि खाली ट्रेडची यादी उघडतो.

चुलत्यानं चिठ्ठी दिलेली, सुबक अक्षरात:
एक कॉम्प्युटर, दोन शिवणकाम, तीन ब्युटी पार्लर.
तिनं ती काउंटरवर पालथी घातली
आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. फाउंड्रीमन.

मी म्हटलं, बाळा, तिथं भट्टी असते.
"म्हाईत हाय. अब्बा शिरोलीत मोल्डिंगला हायत.
आठवीत डबा द्यायला गेलो होतो,
गेटातनं दिसलं, लोखंड पाण्यागत ओतत होते.
रात्री डोळं मिटलं तरी लाल."
थोडं थांबून,
"वाळू कुठं सैल ऱ्हायली, कास्टिंगला कुठं भोक पडणार,
त्यांच्या हाताला कळतं, काका.
त्यांना सांगता येत न्हाई.
मला ते पायजे."

माझा फॉर्म मामानं भरलेला.
बी. कॉम.
तसं वाईट काही झालं नाही. दुकान चालतंय.

ओटीपी अब्बांच्या मोबाईलवर जाणार,
मोबाईल लॉकरात, आणि पहिली पाळी सुटते तीनला.
बाकावर बसली. तीन जण तिच्या पुढं गेले,
एकाला पॉलिटेक्निक, एकाला बापाचं किराणा दुकान
पण "डिग्री तेवढी असूद्या",
एकीला काहीच ठरवायचं नव्हतं,
ती फक्त मैत्रिणीबरोबर आली होती
आणि जाताना तीही फॉर्म भरून गेली.

तीन वाजून दहा. फोन स्पीकरवर.
मागं सायकली, हातपाय धुतल्याचा आवाज.
"आकडं आल्यात. कशाचं हाय ह्ये?"
माझ्याकडं बघितलं तिनं. मी कीबोर्डकडं.
खोटं बोलली असती तर मी काही म्हणालो नसतो,
रोज कितीतरी बोलतात.

"अब्बा, फाउंड्रीमन."

नळ बंद झाला तिकडं.
"चार," ते म्हणाले. "नऊ."
आणि थांबले.
माझी बोटं पुढच्या आकड्यावर अधांतरी,
पंखा फिरतोय, कुणीतरी विचारतंय
आधारची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी का,
आणि स्क्रीनवर लाल अक्षरं:
मुदत संपली. पुन्हा पाठवा.

पुन्हा पाठवला.

या खेपेला कुणी विचारलं नव्हतं,
सहाही आकडे त्यांनी एका दमात सांगितले,
आणि वर, "बूट चांगलं घे म्हणावं. चप्पल चालत न्हाई तिथं,"
जणू ती तिथं नव्हतीच, मीच ऐकत होतो.

पन्नास रुपये झाले. तिनं सुट्टे दिले,
पावती घडी घालून वहीत ठेवली आणि गेली.
चिठ्ठी राहिली काउंटरवर.
मागची बाजू कोरी आहे.
हिशेबाला चालेल.